मातीच्या पिशवीवरची तारीख

रावेरच्या केळीबागेत बुंध्यालगतची माती पिशवीत भरली आणि वर लिहिलं: ‘रावेर, ०५/०६’. लिहिणाऱ्याला त्यातलं सगळं कळतं. दहा वर्षांनी परक्या देशातल्या अभ्यासकाने ती ५ जून समजावी की ६ मे? खानदेशात हा फरक मोठा आहे. मेच्या सुरुवातीला वावर तव्यासारखं तापलेलं असतं, तर ५ जूनला मृग दोन-तीन दिवसांवर आलेला असतो. उष्णता आणि ओल बदलली की मातीतले जिवाणूही बदलतात.

मातीतल्या सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकत्र वाचायच्या या शास्त्रात ‘मेटाजीनोम’ हा शब्द १९९८ साली आला. पुढे डीएनए वाचणं स्वस्त झालं, डेटाबँका भरत गेल्या, पण नमुन्यांची माहिती अर्धवटच राहिली. म्हणून २००५ साली अशा नोंदींचे नियम ठरवणारा शास्त्रज्ञांचा गट, जीनोमिक स्टँडर्ड्स कन्सोर्टियम, उभा राहिला. किमान काय नोंदवायचं याची त्यांची पहिली यादी २००८ मध्ये आली. २०११ मध्ये ‘मिक्स’ हा व्यापक साचा. त्यात तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, अक्षांश-रेखांश दशांशात, खोली मीटरमध्ये. ‘वीतभर खोल’ तिथे चालत नाही.

साचा झाला, तरी तो भरणारे हात तयार नव्हते. माझ्या मते या इतिहासातली खरी अडचण हीच. डेटा सापडावा, मिळावा, इतरांच्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही ‘फेअर’ तत्त्वं २०१६ साली मांडली गेली, पण ती वाचून सवय लागत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल मायक्रोबायोम डेटा कोलॅबोरेटिव्ह या सूक्ष्मजीवांच्या डेटावरच्या प्रकल्पाने २०२१ पासून तरुण संशोधकांना ‘अॅम्बॅसेडर’ म्हणून शिकवायला घेतलं. त्यांनी आपापल्या सहकाऱ्यांना शिकवायचं. मला ही वाट पटते, कारण नोंदीची सवय शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडूनच लागते.

आपल्याकडे फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर, म्हणजे जीवशास्त्रातल्या डेटाची देशाची बँक, २०२२ मध्ये देशाला अर्पण झालं. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे आणि भोवती केळीचा एवढा मोठा पट्टा. इथल्या प्रशिक्षणात इथलेच प्रश्न यायला हवेत. बाग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, हे रावेरच्या शेतकऱ्याला बागेकडे पाहून कळतं. डेटाबँकेसाठी लागवडीची तारीख लिहावी लागते. पाणी ठिबकचं की पाटाचं, आधीचं पीक कोणतं, हेही वावरात उभं असतानाच विचारून घ्यावं. पिशवी प्रयोगशाळेत पोचल्यावर हे सांगणारा माणूस समोर नसतो.