‘कमळ’ दिलं आणि नुसता ‘ळ’ छापला गेला? आधी हे वाचा

आमच्या पायथनच्या (प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेच्या) क्लासमध्ये लूपचा, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेण्याचा, आठवडा सुरू झाला की आमच्या फोनवर दर बॅचला तोच स्क्रीनशॉट येतो. शब्द दिलाय ‘कमळ’, उलटा होऊन ‘ळमक’ यायला हवा, आणि पडद्यावर एकटा ‘ळ’. खाली प्रश्न असतो, “सर, एरर काहीच नाही, मग चुकलं कुठे?” पालकही विचारतात, प्रोग्राम चालतोय तर मार्क का कापले? म्हणून हे पत्रक. पायथनमध्ये व्हेरिएबल आणि फॉर लूप झालेल्या प्रत्येकाला ते समजेल.

बरोबर प्रोग्राम असा आहे. वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळं देवनागरीत छापलंय. टाईप करताना फॉर, इन आणि प्रिंट हे शब्द इंग्रजीतच हवेत. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीतही चालतात.

शब्द = "कमळ"
उलट = ""
फॉर अक्षर इन शब्द:
    उलट = अक्षर + उलट
प्रिंट(उलट)

चूक होते ती दुसऱ्या ओळीत. रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) लूपच्या बाहेर, लूप सुरू होण्याआधी ठेवायची असते. मुलं ती फॉरच्या खाली, आत सरकवून लिहितात. मग प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ‘उलट’ ही स्ट्रिंग पुन्हा रिकामी होते आणि आधीच्या फेऱ्यांची कमाई पुसली जाते. शेवटच्या फेरीत ‘ळ’ येतो, तेवढाच उरतो. गजरा करताना आपण प्रत्येक फुलाला नवा दोरा घेत नाही. एकच दोरा हातात धरून फुलं ओवत जातो. इथे दोरा म्हणजे ‘उलट’ हे व्हेरिएबल.

पायथनला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण व्याकरणाची चूक झालेलीच नसते. एरर येत नाही ती त्यामुळे. म्हणून ही चूक पडद्याकडे बघत बसून सापडत नाही, वहीत सापडते. तीन रकाने आखा: फेरी, अक्षर, उलट. पहिल्या फेरीत अक्षर ‘क’, उलट ‘क’. दुसरीत अक्षर ‘म’, उलट ‘मक’. तिसरीत अक्षर ‘ळ’, उलट ‘ळमक’. आता स्वतःच्या प्रोग्रामचा असाच तक्ता भरा, पण ओळ जशी लिहिलीय तशीच पाळा, मनात आहे तशी नाही. दुसऱ्या फेरीत ‘मक’च्या जागी नुसता ‘म’ आला की दोष हातात आला. या कामाला पाच मिनिटं लागतात. तक्त्याशिवाय आलेल्या स्क्रीनशॉटवर आमचा आणि तुमचा अर्धा तास जातो.

“कॉम्प्युटरच्या क्लासला वही कशाला?” याचं उत्तर त्यातच आलं. दुसरी तक्रार असते की चौकटी कंसात [::-1] लिहिलं तर एका ओळीत शब्द उलटतो, मग सर लूप का लिहायला लावतात? ती ओळ आम्हीही शिकवतो, पण नंतर. शब्द उलटवणं हे निमित्त आहे. एकेक गोष्ट घेऊन साठवत जाण्याची हीच रीत पुढे बेरजेला, स्वर मोजायला, यादीतून निवड करायला लागते. ती हाताखालून गेली नसेल तर पुढचा प्रत्येक धडा अडतो, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

याच स्वाध्यायातल्या बाकीच्या चुका लहान आहेत. उलट + अक्षर असा क्रम लिहिला तर ‘कमळ’ जसाच्या तसा छापला जातो. प्रिंट आत सरकला तर एकाऐवजी तीन ओळी येतात. नुसतं अक्षर + उलट लिहून सोडलं तर काहीच साठत नाही, कारण पायथनमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही, नवी तयार होते. ती नव्याने नावाला बांधावी लागते. आणि "फेरी " + 1 असं लिहिलं तर टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची चूक) येतो, आकडा आधी स्ट्र() मध्ये घाला, म्हणजे त्याची स्ट्रिंग होते.

आता एक चूक जी तुमची नसते. ‘जहाज’ उलटं करून बघा. आपल्या डोळ्यांना दोन्हीकडून जहाजच, पण पायथन ‘जाहज’ छापतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, काना हे वेगळं चिन्ह आहे, त्यामुळे लांबी मोजणारं लेन("जहाज") चार येतं. ‘स्त्री’चं तर सहा, कारण दोन हलन्त आणि एक वेलांटीही मोजली जाते. ‘ती होडी जाडी होती’ या वाक्यावर मुलं हटकून अडतात. तिथे आधी मधल्या जागा काढाव्या लागतात, मग प्रत्येक मात्रा तिच्या मागच्या अक्षराला चिकटवून अक्षरांची यादी करावी लागते आणि ती यादी उलटवावी लागते. जोडाक्षर असेल तर हलन्तानंतरचं अक्षरही त्याच गटात जातं. हा प्रोग्राम आम्ही लिस्ट शिकवून झाल्यावर पूर्ण लिहून घेतो, आणि मराठी शब्दांवरच घेतो.

शंकांचा तास दर रविवारी सकाळी असतो. जुन्या बॅचच्या विद्यार्थ्यांकडून त्याचे पैसे घेत नाही. नवीन प्रवेश घ्यायचा विचार असेल त्यांनीही एकदा येऊन बसावं. येताना वही आणा, आणि तिन्ही रकाने भरलेले असू द्या.