अल्वाराडो स्कोअर: पोटदुखीला दहापैकी गुण

रात्रपाळीचा रेसिडेंट वरिष्ठ सर्जनला फोन करून सांगतो, ‘पोटदुखीचा पेशंट आहे, अल्वाराडो सात.’ एवढ्यावर पलीकडचा माणूस अंथरुणातून उठायचं की नाही ते ठरवतो. अपेंडिक्स सुजल्याची शक्यता दहापैकी गुणांत सांगणारा हा आकडा ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते डॉ. अल्फ्रेडो अल्वाराडो स्वतः सर्जन. पण त्यांचा १९८६ सालचा निबंध छापून आला तो ‘ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये, म्हणजे तातडीच्या वैद्यकाच्या नियतकालिकात. मला हे सूचक वाटतं. अपेंडिक्स कापतो सर्जन, पण रुग्णाचं पोट पहिल्यांदा चाचपतो तो इमर्जन्सीतला डॉक्टर.

त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८८६ मध्ये, बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या दुखण्याला ‘अपेंडिसायटिस’ हे नाव दिलं. तोवर उजव्या कुशीतल्या पूचा दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर ढकलला जाई. मूळ खोड त्याला लोंबणाऱ्या आंत्रपुच्छात, म्हणजे अपेंडिक्समध्ये आहे आणि ते फुटण्याआधी काढायला हवं, असं फिट्झ यांनी ठासून मांडलं. तीन वर्षांनी न्यू यॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी जागाही नेमून दिली: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर दीड ते दोन इंच. दुखणारी जागा एका बोटाच्या टोकानं शोधायची.

फुटण्याआधी काढायचं म्हणजे खात्री होण्याआधी काढायचं. त्यामुळे पोट उघडल्यावर निरोगी अपेंडिक्स हाती येणं हा धंद्याचाच भाग झाला. शंभरात पंधरा-वीस तशा निघाल्या तरी सर्जनला कुणी नावं ठेवत नसे. उलट एकही निघाली नाही तर तो फार वाट बघतो असा संशय येई. तरुण स्त्रियांच्या वाट्याला असा फुकटचा छेद जास्त येत असे, कारण बीजकोश आणि बीजनलिकेची दुखणीही त्याच कोपऱ्यात उठतात.

हे कमी करण्याचा मोठा प्रयत्न आधी इंग्लंडमध्ये झाला. लीड्समध्ये द डोम्बाल आणि सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या रुग्णांची लक्षणं संगणकाला देऊन संभाव्यतेच्या गणितावर निदान करवलं. १९७२ मध्ये त्यांनी ३०४ रुग्णांचे निकाल मांडले: संगणक ९१.८ टक्के बरोबर, सर्वांत अनुभवी डॉक्टर ७९.६ टक्के. पण तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र; ते रुग्णाच्या खाटेशी कोण नेणार?

अल्वाराडो यांनी नेमकं उलट केलं. फिलाडेल्फियाच्या नाझरेथ हॉस्पिटलमध्ये अपेंडिक्सच्या संशयानं दाखल झालेल्या ३०५ रुग्णांच्या (लीड्सपेक्षा फक्त एक जास्त!) जुन्या नोंदी तपासून त्यांनी आठ गोष्टी वेचल्या आणि बोटांवर मोजता येईल असा हिशेब बसवला. बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, एक गुण. भूक मेली, एक. मळमळ किंवा उलटी, एक. अंगात थोडा ताप, एक. रक्तात अपक्व पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढलं, एक. उजव्या कुशीत खाली दाबल्यावर दुखलं तर दोन, पांढऱ्या पेशी वाढल्या तर दोन. उरलेला एक गुण बोटं सोडण्याचा. हळूहळू दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि झटकन हात उचलायचा; डोळे मात्र रुग्णाच्या चेहऱ्यावर. सोडताना तो कळवळला, तर पोटाच्या अस्तरापर्यंत सूज पोचल्याची शंका घ्यायची.

पाच-सहा आले तर नजरेखाली ठेवा, सात किंवा वर गेले तर शस्त्रक्रियेचा विचार करा. पुढे काहींनी अपक्व पेशींचा गुण वगळून नऊचा सुधारित स्कोअर केला, कारण ती तपासणी सगळीकडे सहज होत नसे.

गंमत अशी की ‘कापा’ सांगण्यापेक्षा ‘कापू नका’ सांगण्यातच हा स्कोअर पक्का निघाला. २०११ मध्ये ४२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पाचाच्या खालचा आकडा अपेंडिक्स नाही म्हणायला भरवशाचा ठरला. वरच्या आकड्यांचं तसं नव्हतं; स्त्रियांत तो धोका फुगवून सांगत होता आणि मुलांत एकसारखा चालत नव्हता. दरम्यान, १९८६ मध्येच नेदरलँड्सच्या पायलार्ट यांनी प्रोब (पोटावर टेकवायचं उपकरण) हळूहळू दाबून अपेंडिक्स सोनोग्राफीत पकडण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. पुढे सीटी स्कॅन आला. मग स्कोअर कालबाह्य व्हायला हवा होता. पण प्रत्येक तरुण पोटावर किरणांचा मारा कशाला, म्हणून कुणाला स्कॅनला पाठवायचं ते ठरवायला तो पुन्हा कामी आला.

२००८ मध्ये स्वीडनमधून एआयआर हा याच कामाचा नवा स्कोअर आला. त्यात सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी आली, दुखणं सरकण्याचा आणि भूक मरण्याचा गुण गेला. एकूण गुण बारा. त्यांतले सर्वाधिक, तीनपर्यंत, मिळतात ते पोटावरून हात उचलताना रुग्ण किती कळवळतो त्याला.