अँटेनाचा रोख आणि वाय-फायचा पल्ला

राउटरच्या काडीवजा अँटेनाचे टोक ज्या खोलीत सिग्नल हवा तिकडे वळवणे, ही घरोघरी आढळणारी चूक. या काडीत बहुधा अर्ध्या तरंगलांबीचा द्विध्रुव, म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन सरळ भागांचा साधा अँटेना, असतो. २.४ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. असल्याने त्याची लांबी जेमतेम ६ सेंमी. भरते, काडी कितीही लांब असली तरी बाकीचे बरेचसे नुसते आवरण असू शकते. द्विध्रुवाचे प्रारण, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहरींचा पसारा, मेदुवड्याच्या आकाराचे असते आणि अँटेना त्याच्या भोकात उभा असतो. टोकांच्या रेषेत जवळजवळ काहीच जात नाही.

म्हणून एका मजल्यावरच्या घरात अँटेना सरळ उभे ठेवावेत. वरच्या मजल्यावरही सिग्नल हवा असेल, तर एक उभा ठेवून दुसरा आडवा करावा आणि त्याचे टोक वापर नसलेल्या बाजूला, उदा. बाहेरच्या भिंतीकडे न्यावे. जास्त ‘डीबीआय’चा (अँटेना शक्ती एका दिशेत किती एकवटतो याचे माप) अँटेना शक्ती वाढवत नाही, असलेलीच चपटी करून दूर पसरवतो; वरच्या मजल्याचे त्याने उलट नुकसानच होते.

दुसरा भाग ध्रुवणाचा, म्हणजे लहरींची कंपने कोणत्या दिशेत, उभी की आडवी, होतात याचा. दोन अँटेना एकमेकांशी ४५ अंशांत असले, तर मिळणारी शक्ती निम्मी, म्हणजे ३ डेसिबलने कमी होते. ९० अंशांत मोकळ्या जागी २० डेसिबल किंवा अधिक घट येऊ शकते. घरात भिंती आणि लोखंडी वस्तूंवरून परावर्तन होऊन ध्रुवण विस्कटते, त्यामुळे फोन कसाही धरला तरी चालतो. दोन इमारतींमधल्या थेट जोडणीत मात्र ही सवलत नाही. दोन्ही टोकांचे ध्रुवण जुळवावेच लागते.

तपासताना फोन ठरलेल्या जागी टेबलावर ठेवावा, आपण मध्ये उभे राहू नये. एका वेळी एकच अँटेना ४५ अंशांनी हलवून दर वेळी सिग्नलच्या ताकदीची चार-पाच वाचने घ्यावीत, कारण दोन-तीन डेसिबलचा फरक आपोआपही पडतो. उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप; शून्याच्या जितके जवळ, तितका सिग्नल चांगला) आसपास व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ८० च्या खाली रडतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ वेगवेगळे मोजावेत.

सांध्यात अँटेना जोराने पिळला तर आतली बारीक केबल तुटते. बाहेरून सारे ठीक दिसते, पल्ला मात्र कोसळतो. लोखंडी कपाटामागच्या राउटरला अँटेना फिरवून फारसा फायदा नाही. आधी जागा बदलावी. छताला लावायचे वाय-फायचे यंत्र भिंतीवर ठोकले, तर त्याचा बराचसा सिग्नल समोरच्या भिंतीपलीकडे, शेजाऱ्याच्या घरात जातो.