राजकीय क्लब, कॅलिफोर्नियातील

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एखाद्या पक्षाला मानणाऱ्या नागरिकांनी गाव, मोहल्ला, विद्यापीठ किंवा समान हितसंबंध यांच्या आधारे उभारलेली स्वयंसेवी संघटना. वर्गणीदार सभासद, लेखी घटना, निवडून दिलेले पदाधिकारी व ठरावीक काळाने भरणारी सभा असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. निवडणुकीतील प्रचार हे तिचे परिचित काम. राज्य विधिमंडळापुढील विधेयकांना ठरावाने पाठिंबा देणे हे कमी परिचित, पण तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडील पक्षशाखेशी तिची गल्लत करू नये. शाखा वरून नेमली जाते. क्लब आधी सभासद जमवतो आणि मग पक्षाच्या काउंटी समितीकडून सनद घेतो.

उगम : क्लबांची परंपरा नेमकी कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या टॅमनी सोसायटीपर्यंत ती मागे नेण्याचा प्रघात आहे. मात्र टॅमनीचे पुढील रूप नोकऱ्या व उपकार वाटणाऱ्या यंत्रणेचे होते आणि कॅलिफोर्नियातील क्लबांचा त्याच्याशी संबंध नावापुरताच दिसतो. काही जण कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांच्या 1934 मधील राज्यपालपदाच्या प्रचारात निघालेल्या क्लबांना आद्य मानतात. डेमोक्रॅटिक उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या 1952 मधील अध्यक्षपदाच्या प्रचारातून आलेल्या सुशिक्षित, हौशी कार्यकर्त्यांना श्रेय देणारे मत अधिक प्रचलित आहे. ही दोन्ही मते माणसे कोठून आली ते सांगतात, क्लबच का काढावा लागला ते सांगत नाहीत. त्याचे उत्तर निवडणूक कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

1913 पासून या राज्यात एकाच उमेदवाराला एकाहून अधिक पक्षांच्या प्राथमिक निवडणुका, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदारांच्या निवडणुका, लढवता येत. पक्षांची मक्तेदारी मोडण्यासाठी प्रागतिक सुधारकांनी केलेल्या या तरतुदीने पक्षच खिळखिळे झाले. 1946 मध्ये राज्यपाल अर्ल वॉरन यांनी रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांची उमेदवारी जिंकली, यावरून तिचा परिणाम ध्यानात यावा. त्यातच पक्षाच्या अधिकृत समित्यांनी प्राथमिक निवडणुकीत कोणाला पुरस्कृत करू नये, अशी कायदेशीर मनाई होती. ही मनाई समित्यांना होती, खाजगी संघटनांना नव्हती. आपला खरा उमेदवार कोण हे मतदारांना सांगण्याचे काम मग क्लबांकडे आले. रिपब्लिकनांनी 1934 मध्ये कॅलिफोर्निया रिपब्लिकन असेंब्ली ही स्वयंसेवी संघटना स्थापली. डेमोक्रॅटिक क्लबांचे शिखरमंडळ, कॅलिफोर्निया डेमोक्रॅटिक कौन्सिल, 1953 मध्ये उभे राहिले आणि अॅलन क्रॅन्स्टन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दुहेरी उमेदवारीची पद्धत 1959 मध्ये रद्द झाली. समित्यांवरील मनाई मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये अवैध ठरवीपर्यंत टिकली. त्या निकालानंतर क्लबांचे हे खास स्थान ओसरले, तरी ठराव करण्याची रीत अंगवळणी पडली होती.

विधेयकाला पाठिंबा : सभासद विधेयकाचा क्रमांक देऊन ठराव मांडतो, कार्यकारिणी किंवा उपसमिती मजकूर वाचते, गणपूर्ती असलेल्या सभेत मत घेतले जाते. साध्या बहुमतावर न भागवता अनेक क्लब साठ टक्क्यांसारखी वरची अट ठेवतात. पर्याय केवळ होकार-नकाराचे नसतात. ‘दुरुस्ती केल्यास पाठिंबा’ आणि ‘दुरुस्ती न केल्यास विरोध’ अशाही भूमिका रूढ आहेत. ठराव संमत झाला की क्लबच्या नाममुद्रेवर, साधारण एक पानाचे पत्र विधेयकाच्या प्रवर्तकाला व संबंधित समितीला जाते. सुनावणीपूर्वी समितीचे कर्मचारी विधेयकाचे टिपण काढतात आणि त्याच्या शेवटी समर्थक व विरोधक संस्थांची यादी देतात. पत्र मुदतीत पोहोचले, तर चाळीस सभासदांच्या क्लबचे नाव तेथे राज्यव्यापी कामगार संघटनेच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जाते. सामान्य माणसाचा शब्द विधिमंडळाच्या कायमच्या दप्तरात जाण्याचा इतका स्वस्त व सरळ मार्ग दुसरीकडे क्वचितच आढळतो.

ॲलिस बी. टोक्लस क्लब : सॅन फ्रान्सिस्कोतील हा क्लब अमेरिकेतील समलिंगी नागरिकांचा पहिला डेमोक्रॅटिक क्लब समजला जातो. स्थापनावर्ष 1971 की 1972 याबाबत उल्लेख भिन्न आहेत; क्लब स्वतः 1971 मानतो व तेच येथे ग्राह्य धरले आहे. जिम फॉस्टर हे त्याचे प्रमुख संस्थापक. प्रौढांमधील संमतीच्या लैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमे राज्याच्या दंडसंहितेत पूर्वीपासून चालत आली होती. ती बदलण्यासाठी असेंब्लीतील, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहातील, शहराचे सदस्य विली ब्राउन 1969 पासून पुनःपुन्हा विधेयक आणत होते. 1975 मधील असेंब्ली विधेयक 489 सीनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, 20 विरुद्ध 20 मतांवर अडले. बहुमतवाल्यांचे नेते जॉर्ज मॉस्कोनी यांनी सभागृहाचे दरवाजे लावून घेतले व सदस्यांना बाहेर जाऊ दिले नाही. मते समसमान झाल्यास सीनेटमध्ये निर्णायक मत देण्याचा अधिकार असलेले लेफ्टनंट गव्हर्नर (उपराज्यपाल) मर्व्हिन डायमली डेन्व्हरहून विमानाने परतले आणि त्यांच्या निर्णायक मताने विधेयक संमत झाले. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी स्वाक्षरी केली. कायदा 1 जानेवारी 1976 पासून अंमलात आला. सभागृहातील यशाचे श्रेय मुख्यतः विली ब्राउन व मॉस्कोनी यांचेच. परंतु दोघेही सॅन फ्रान्सिस्कोचे होते, आणि उघडपणे संघटित झालेला मतदार पाठीशी असल्याखेरीज असे विधेयक सहा वर्षे लावून धरणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला सोपे नव्हते.

मर्यादा : पाठिंबा विधेयकाच्या विशिष्ट मसुद्याला असतो आणि मसुदा बदलतो. अधिवेशनाच्या अखेरीस जुना मजकूर काढून त्याच क्रमांकाखाली वेगळाच विषय घालण्याची प्रथा कॅलिफोर्नियात कुप्रसिद्ध आहे. 2016 मध्ये मतदारांनी संमत केलेल्या 54 व्या प्रस्तावानुसार अंतिम मजकूर मतदानापूर्वी 72 तास प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. महिन्यातून एकदा भरणाऱ्या सभेला तेवढा अवधी पुरत नाही. म्हणून पत्रात क्रमांकापाठोपाठ ‘अमुक तारखेस दुरुस्त केल्याप्रमाणे’ असे लिहिण्याची रीत आहे.