इंदूरला रेंज, झाबुआला प्रतीक्षा: नेटवर्कच्या असमान नकाशाची पार्श्वभूमी

देशातली पहिली खासगी लँडलाइन सेवा ४ जून १९९८ रोजी सुरू झाली, ती इंदुरात. मुंबई-दिल्लीचं सोडा, राजधानी भोपाळलाही हा मान मिळाला नाही. मध्य प्रदेश सर्कलचा (सर्कल म्हणजे टेलिफोन सेवेसाठी आखलेला विभाग) परवाना भारती टेलिनेट या कंपनीकडे होता आणि तिने पहिला डाव इंदुरावर लावला. फोनसाठी सरकारी खात्यात अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघणाऱ्या शहराला अचानक दुसरं दार उघडलं.

परवाना मात्र इंदूर शहरापुरता नव्हता. तो अखंड मध्य प्रदेशाचा होता. सुमारे ४ लाख ४३ हजार चौरस किलोमीटर, तेव्हाचं देशातलं सर्वांत मोठं राज्य. त्यात झाबुआ होतं, बडवानी होतं, पार दक्षिणेकडचं बस्तरही होतं. गावोगावी सार्वजनिक टेलिफोन बसवण्याची अट खासगी लँडलाइन कंपन्यांच्या परवान्यांत होती. देशभरात बहुतेक कंपन्यांनी ती मनावर घेतली नाही, दंड सोसला आणि शहरं जोडत राहिल्या. आज पिथमपूरच्या पुढे, धार ओलांडून झाबुआच्या टेकड्यांत शिरल्यावर फोनवरची रेंज का उडते, याची गोष्ट तिथूनच सुरू होते असं म्हणायचा मोह होतो. खरं तर ती त्याहून दीडशे वर्षं जुनी आहे.

१८५०च्या दशकात ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने देशभर तारायंत्राच्या लाइनी ओढायला घेतल्या. कलकत्त्याहून आग्रा, आणि आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरमार्गे मुंबई, ही त्यातली मुख्य वाट. तार इंदुरावरून गेली, कारण मुंबई-आग्रा रस्ता इंदुरावरून जात होता. तेच आजचं आपलं एबी रोड. पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि १८७०च्या दशकात मीटरगेजचे रूळ पातालपाणीचा घाट चढून शहरात आले. रुळांमागून कापसाचा व्यापार आला, गिरण्या आल्या, पेढ्या आल्या. तारेचं, टपालाचं आणि टेलिफोनचं गिऱ्हाईक कुठे आहे हे खात्याला शोधावं लागलं नाही.

झाबुआ त्या वाटेवर नव्हतं. दिल्ली-मुंबई लोहमार्ग त्या जिल्ह्यातून जातो खरा, पण मेघनगरहून. झाबुआ शहराला बाजूला टाकून. बडवानी शहरात आजही रेल्वे नाही. टेलिफोनची ट्रंक केबल रस्त्या-रुळांच्या कडेने पडते, ऑप्टिकल फायबर बहुधा त्याच चरात किंवा त्याच्या शेजारी पडतो, आणि टॉवरला मागून जोडणी लागते ती त्या फायबरची. काही टॉवर मायक्रोवेव्ह लहरींनी शेजारच्या टॉवरशी जोडतात, पण ती साखळीही शेवटी फायबरलाच येऊन मिळते. त्यामुळे ‘नेटवर्क कुठे पोहोचलं’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर नेहमी ‘त्याआधी काय पोहोचलं होतं’ हेच असतं.

आता १९९४. नव्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि मोबाइल परवान्यांसाठी देशाचे तुकडे पडले. चार महानगरं वेगळी, बाकीचा देश सर्कलांमध्ये. सर्कल हा प्रकार जुन्या टेलिफोन खात्याचा कारभार चालवायच्या सोयीचा. माणसांच्या येण्या-जाण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. या सर्कलांना उत्पन्नाच्या अंदाजावरून ए, बी, सी असे दर्जे मिळाले. महाराष्ट्र (मुंबई वगळून, गोवा धरून) आणि गुजरात ए वर्गात. मध्य प्रदेश, राजस्थान, केरळ बी वर्गात. बिहार, ओरिसा, आसाम सी वर्गात. म्हणजे कुठे जास्त कमाई होईल हा अंदाज आधी कागदावर उतरला, मग त्याच अंदाजाने बोली लागली, मग त्या बोलीच्या हिशेबाने टॉवर उभे राहिले. अंदाज खरा ठरला यात नवल ते काय!

देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखरामांना केला. मध्य प्रदेश सर्कलमध्ये सुरुवातीच्या दोन कंपन्या होत्या आरपीजी सेलकॉम आणि रिलायन्स टेलिकॉम. आरपीजीचं जाळं पुढे बिर्ला-टाटा-एटी अँड टीकडे गेलं आणि तेच ‘आयडिया’ झालं. या भागात आयडिया इतकी वर्षं घट्ट का होती, त्याचं मूळ या लवकर मिळालेल्या परवान्यात आणि त्याबरोबर आलेल्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींत आहे. कमी कंपनसंख्येची लहर लांब जाते, भिंतीतून शिरते. नंतर आलेल्यांना १८०० मिळालं, म्हणजे तेवढ्याच भागासाठी जास्त टॉवर आणि जास्त डिझेल.

पण खरी मेख परवान्यातल्या एका कलमात होती, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कंपनीने पहिल्या वर्षात सर्कलमधल्या १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा द्यावी, एवढीच अट होती. कोणती मुख्यालयं, ते कंपनीने ठरवायचं. एखादं मुख्यालय नको असेल, तर त्याऐवजी जिल्ह्यातलं दुसरं शहर चालेल. शहर ‘झालं’ कधी म्हणायचं? नगरपालिकेच्या हद्दीतल्या ९० टक्के भागात रस्त्यावर सिग्नल मिळाला की. खेड्यांची सक्ती नव्हती, तसं स्पष्टच लिहिलेलं होतं. मध्य प्रदेशासारख्या अवाढव्य सर्कलमध्ये निम्मी शहरं निवडायला सांगितल्यावर कोण कुणाला निवडणार? इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, उज्जैन, रायपूर, भिलाई. उरलेली निम्मी कायद्यानेच बाहेर राहिली. कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे; त्यांनी सही केली तो कागद सरकारने लिहिला होता.

सर्कलच्या या रेघेने इंदूरच्या मराठी घरांना वेगळाच चिमटा काढला. इथल्या निम्म्या घरांचं माहेर नाहीतर सासर पुण्या-नाशकाकडे, धुळ्या-जळगावकडे. एखाद्या बायजाबाई वहिनींना पुण्याला खुशाली कळवायची तर ती दुसऱ्या सर्कलची, म्हणजे एसटीडी. लँडलाइनच्या काळात लोक रात्री उशिरा पीसीओवर रांग लावायचे, कारण रात्र चढेल तसा दर उतरायचा. मोबाइल आला तेव्हा मिनिटाचे १६ रुपयांपर्यंत, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. इनकमिंग फुकट झालं ते २००३ साली. तरी सेंधव्याचा घाट उतरून पळासनेरला महाराष्ट्रात शिरलं की फोनवर स्वागताचा मेसेज यायचा आणि घरचे ओरडायचे, ‘रोमिंग लागलं, उचलू नकोस!’ कित्येकांच्या पाकिटात महाराष्ट्राचं एक जादा सिम असायचं. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर एक रुपया मिनिट असा ‘वन इंडिया’ दर आणला, तेव्हा इंदूर-पुणे हे अंतर पहिल्यांदा इंदूर-देवासएवढं झालं. रोमिंगचा जाच पुरता संपायला आणखी दहा वर्षं गेली.

छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळं राज्य झालं, पण दूरसंचारच्या नकाशावर नाही. तिथे आजही मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एकच सर्कल आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, आकडेवारीत म्हणूनच इंदूरचा सिग्नल छत्तीसगडातल्या सुकम्याच्या सिग्नलात मिसळून एक सरासरी निघते, जिचा दोघांनाही उपयोग नाही.

बाजाराने या भागाची किंमत काय लावली, ते २०१०च्या थ्रीजी लिलावात उघड झालं. लहरींच्या एका ब्लॉकला दिल्लीत सुमारे ३,३१७ कोटी रुपये, मुंबईत ३,२४७, उरलेल्या महाराष्ट्रात १,२५८, गुजरातेत १,०७६. मध्य प्रदेश-छत्तीसगड मिळून २५८ कोटी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट, भाव पाचपटीने कमी. लहरी स्वस्त मिळाल्या म्हणजे सेवा स्वस्तात पसरेल असं वाटतं, पण होतं उलटं. महाग घेतलेल्या सर्कलमध्ये कंपनी पैसे वसूल करायला धावते. स्वस्तात मिळालेली पडून राहिली तरी फारसं दुखत नाही.

पण राज्याराज्यांतला हा फरक एका मर्यादेपर्यंतच खरा. राज्यांच्या सीमेच्या एका बाजूला बडवानी आणि अलीराजपूर, दुसऱ्या बाजूला नंदुरबारचे धडगाव-अक्कलकुवा. एक बाजू बी वर्गात, दुसरी ए वर्गात, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर दोन्हीकडे सारखीच रड. पुणे आणि धडगाव यांतली तफावत इंदूर आणि पुणे यांच्यातल्या तफावतीपेक्षा कितीतरी मोठी आहे. देशाचे आकडेही हेच सांगतात. मार्च २०२४ अखेर शहरी भागात दर शंभर माणसांमागे १३०हून जास्त फोन होते, ग्रामीण भागात साठाच्या आत.

ही दरी बुजवण्यासाठी पैसा नव्हता असं नाही. २००२पासून कंपन्यांच्या उत्पन्नाचे पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी कापले जाऊ लागले, डिसेंबर २००३मध्ये त्याला कायद्याचं बळ मिळालं. (२०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव बदलून ‘डिजिटल भारत निधी’ झालं आहे.) गोळा झालेल्या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षं खर्चच झाला नाही. २००७मध्ये या निधीतून सात हजारांवर टॉवर उभारायची योजना निघाली, तीही चांगली होती. फक्त निकष असा होता की सिग्नल नसलेलं गाव किंवा गावांचा पुंजका दोन हजार वस्तीचा असावा.

इथे भिल्ल भागाची रचना समजून घ्यावी लागते. झाबुआ-अलीराजपूरकडे गाव म्हणजे देवळाभोवती दाटलेली घरं नव्हे. गाव फळियांमध्ये, म्हणजे छोट्या वस्त्यांमध्ये, विखुरलेलं, फळियेत प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. दोन हजारांचा पुंजका कागदावर जमला तरी टॉवर उभा राहतो हाटाच्या गावात, रस्त्याला लागून. तिथून दोन टेकड्यांपलीकडची फळिया नकाशावर ‘व्याप्त’ दिसते आणि प्रत्यक्षात टेकडीच्या सावलीत असते. रेशनच्या यंत्रावर अंगठा लावायला दुकानदाराने यंत्र घेऊन चढावर जायचं, हा प्रकार अशाच गावांत घडतो. २०२०च्या टाळेबंदीत राज्याच्या शिक्षण खात्याने धडे व्हॉट्सॲपवर पाठवायला घेतले, तेव्हा या सावलीत किती मुलं आहेत ते शहराला पहिल्यांदा जाणवलं.

फायबरची कथा जरा वेगळी. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचा प्रकल्प मंजूर केला, तोच पुढे भारतनेट. पहिल्या टप्प्याच्या एक लाख पंचायती डिसेंबर २०१७मध्ये पुऱ्या झाल्याचं जाहीर झालं. पंचायत भवनात पेटी लागली, दिवे लागले. पण तालुक्यापासून पंचायतीपर्यंत बरीचशी वाट बीएसएनएलच्या जुन्या केबलची होती, आणि जोडणी एकेरी, सरळ रेषेत. मधे कुठे नळयोजनेच्या जेसीबीने केबल तोडली की पुढची सगळी गावं गप्प. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तीही उथळ पुरलेल्या केबलला सुखाने राहू देत नाही. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गुजरातने काम राज्याच्या यंत्रणेकडे घेतलं, मध्य प्रदेशात ते बीएसएनएलकडेच राहिलं. ऑगस्ट २०२३मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित भारतनेट मंजूर झाला; त्यात जोडणी वर्तुळाकार करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसरीकडून चालू राहील. बारा वर्षं उशिरा सुचलेलं असलं तरी शहाणपण आहे.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि चित्र झपाट्याने हललं, हे मान्य करायला हवं. डेटा स्वस्त झाला, स्पर्धेपोटी टॉवर तालुक्यापलीकडे गेले. तरी बाजार जिथे थांबतो तिथे तोही थांबला. नोव्हेंबर २०२१मध्ये आकांक्षी (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी फोरजीची योजना आली, पण पाच राज्यांपुरती. त्यात महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. बडवानी आणि खंडवा आकांक्षी जिल्हे असूनही यादीबाहेर राहिले. त्यांची पाळी आली जुलै २०२२च्या देशव्यापी योजनेत, जी २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची आहे.

आता कंपन्यांनी आपापले व्याप्तीचे नकाशे जाहीर करावेत असा ट्रायचा नियम आहे. ते नकाशे उघडून इंदुरावरून बोट खाली सरकवलं, तर महू, मानपूर, खलघाट, सेंधवा असा रंगाचा जाड पट्टा दिसतो. बाजूला विरळ ठिपके. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. धार, खरगोन आणि बडवानी या जिल्ह्यांतून तो जाईल, आणि नव्या रुळांच्या कडेने फायबर पडणार हे ठरलेलंच असतं. बडवानी जिल्ह्यात पहिली गाडी केव्हा पोहोचते, यावर तिथल्या इंटरनेटचंही वेळापत्रक बरंचसं अवलंबून राहील. अलीराजपूरच्या टेकड्या मात्र याही मार्गावर नाहीत.