बॅकप्लेटवर एक टाकी: पट्टे थेट ओवायचे की अडॅप्टर घ्यायचा?

बॅकप्लेट, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगमध्ये हवेची टाकी पाठीवर धरणारी धातूची प्लेट, घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक स्टीलची घ्यायची की ॲल्युमिनियमची, हे ठरवूनच येतात. टाकी त्या प्लेटला धरणार कशी, हा प्रश्न मात्र काउंटरवरच निघतो आणि घाईघाईत सिंगल टँक अडॅप्टरही (एक टाकी प्लेटवर बसवायचा वेगळा जोड) बिलात चढतो. आमच्या मते मालवण, तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानात एका टाकीवर डाइव्ह करणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नसते.

मुळात ही प्लेट फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हर्सनी जोडटाक्यांसाठी, म्हणजे एकत्र जोडलेल्या दोन टाक्यांसाठी, वापरात आणली. तिच्यावर ११ इंचांच्या, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटरच्या अंतरावर जी दोन भोकं दिसतात, ती जोडटाक्यांच्या बोल्टसाठी आहेत. मधल्या पन्हळीची खोलगट बाजू पाठीकडे असते. बोल्टचे नट तिच्यात बसतात, म्हणून पाठीला टोचत नाहीत. पण टाकीच्या बाजूने पाहिलं तर हीच पन्हळ उंचवटा होते. त्या उंचवट्यावर एकच गोल टाकी टेकवली की ती डावी-उजवीकडे डोलते. हे डोलणं थांबवण्याचे मार्ग दोन.

पहिला मार्ग अडॅप्टरचा. विंगच्या (प्लेट आणि टाकीच्या मध्ये बसणारी, हवा भरून तरंगायला मदत करणारी पिशवी) आणि प्लेटच्या भोकांतून बोल्ट घालून तो घट्ट बसवतात आणि टाकी त्याच्या दोन कडांवर टेकते. पकड पक्की असते. आज जोडटाक्या, उद्या एक टाकी अशी अदलाबदल करणाऱ्यांना तो खरंच सोयीचा आहे. विंगला पट्ट्यांच्या खाचाच नसतील तर दुसरा इलाजही नाही. पण टाकी पाठीपासून थोडी लांब जाते, त्यामुळे पाण्यात कूस बदलताना ती जास्त ओढते. बोल्ट घेताना आटे नक्की तपासा. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि ५/१६ इंचाचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाचा नट दुसऱ्याला लावला तर आटे जातात.

दुसरा मार्ग, आणि आमची पहिली शिफारस: दोन कॅम पट्टे (टाकीभोवती आवळायचे बकलचे पट्टे) थेट प्लेटच्या आणि विंगच्या खाचांतून ओवणं. पट्टा प्लेटच्या पाठीकडच्या बाजूने येतो, दोन्हीकडच्या खाचांतून बाहेर पडतो, विंगमधून जातो आणि टाकीला वेढा घालतो. विंग आपोआप मध्ये दाबून धरली जाते. टाकी पाठीला लागून राहते आणि वेगळं लोखंड वाहावं लागत नाही. फक्त विंगच्या मधोमध टाकीला आधार देणाऱ्या दोन उभ्या गाद्या किंवा दांड्या हव्यात, नाहीतर टाकी पुन्हा डोलणारच. पट्टे दोनच लावा. एक सैल झाला तरी दुसरा टाकी धरून ठेवतो.

वजनाचा हिशोबही याच वेळी करा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम ८० ही ॲल्युमिनियमची टाकी मिळते. ती भरलेली असताना पाण्यात किंचित जड असते, पण हवा संपत आली की दीड-दोन किलोने वर ओढू लागते. स्टीलची प्लेट साधारण अडीच किलोची असते, अडॅप्टरमुळे आणखी किलोभर वाढतं. पातळ सूट घालणाऱ्याला तेवढ्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायचं बरंच शिसं कमी करता येतं. पण टाकीसुद्धा स्टीलची असेल तर पातळ सूटवर स्टीलची प्लेट घेऊ नका. विंग फाटली तर एवढं सगळं वजन घेऊन पोहत वर यावं लागेल, आणि यातलं काहीच सोडून देता येत नाही. तिथे ॲल्युमिनियमची प्लेटच योग्य. विमानाने पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) जाणाऱ्यांनाही तीच बरी, कारण देशांतर्गत बहुतेक तिकिटांवर १५ किलोच सामान नेता येतं.

बांधताना नायलॉनचा पट्टा आधी पाण्यात चांगला भिजवा. ओला झाला की तो ताणतो, त्यामुळे कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल पडतो आणि टाकी खाली सरकते. वरचा पट्टा टाकीच्या सरळ अंगावर हवा, खांद्याच्या उतारावर चढवू नका. बकल बंद करताना जोर लागला पाहिजे. सहज बंद झालं तर उघडून पुन्हा आवळा. मग प्लेट धरून सगळा संच उचला आणि हलवा. प्लेट आणि टाकी एकत्र हलली पाहिजेत. शेवटी अंगावर चढवून मान मागे टाका. डोकं फर्स्ट स्टेजवर (टाकीच्या तोंडाला बसणारा रेग्युलेटरचा भाग) आपटत असेल तर टाकी थोडी खाली घ्या. पाण्यात पाय वर उचलले जात असतील तरीही तोच उपाय करून पाहा.

विंगही एका टाकीचीच घ्या. जोडटाक्यांची रुंद विंग एका टाकीभोवती दोन्ही बाजूंनी गुंडाळली जाते आणि घडीत अडकलेली हवा बाहेर काढणं कठीण होतं.

तुमच्याकडे जुनी प्लेट किंवा विंग असेल तर येताना घेऊन या. दुकानात रिकामी ॲल्युमिनियम ८० ठेवलेली आहे. तिच्यावर बांधून बघू, आणि अडॅप्टर लागतच असेल तरच तो घ्या.