साखर नॉर्मल, म्हणजे इन्शुलिन रेझिस्टन्स नाही?

सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांकडून एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकतो आहे: "उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली, म्हणजे इन्शुलिन रेझिस्टन्स नाही." हे खरं नाही, आणि या समजुतीपायी सावरण्याची कितीतरी वर्षं हातची जातात.

इन्शुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, म्हणजेच इन्शुलिन रेझिस्टन्स आला, की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. त्या जोरावर साखर बराच काळ आटोक्यात राहते. समजा, दोघांची उपाशीपोटीची साखर ९२ आहे. एकाचं इन्शुलिन ६, दुसऱ्याचं २२. साखरेचा रिपोर्ट सारखाच, स्वादुपिंडावरचा ताण मात्र कितीतरी वेगळा. इन्शुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणाऱ्या, १९८५ साली मांडलेल्या होमा-आयआर सूत्रात साखर आणि इन्शुलिन यांच्या आकड्यांचा गुणाकार करून ४०५ने भागतात: पहिल्याचं उत्तर सुमारे १.४, दुसऱ्याचं ५.

"मी तर बारीक आहे" हेही पुरेसं नाही; हा धोका वाढवणारी चरबी बारीक अंगातही दडलेली असू शकते. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, अंगातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

होमा म्हणजेही अंतिम निकाल नव्हे. लॅब बदलली की इन्शुलिनचा आकडा बदलू शकतो, सर्वमान्य सीमारेषा नाही. कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) यांच्या जोडीनंच डॉक्टरांकडून तो समजून घ्या. आणि तपासणीसाठी रक्त देण्याआधी आठ ते बारा तास फक्त पाणी. "अर्ध्या कपानं काय होतंय" म्हणून घेतलेला दुधासाखरेचा चहासुद्धा इन्शुलिन वाढवतो.